उतारवयांतील बलोपासना

वार्धक्य आलें ही बातमी मनुष्यास प्रथम कोण देतें, असा प्रश्न केला तर बहुतेक लोक पिकलेल्या केसांकडे, पडलेल्या दातांकडे किंवा नाकावरील चष्म्याकडे बोट दाखवितील. परंतु केस काळे करतां येतात, दात नवे बसवितां येतात, आणि चष्मा तर हल्लीं शाळकरी मुलांच्या नाकावरहि दिसतो. वार्धक्याची खरी वर्दी देते ती जमिनीवरून उठण्याची साधी क्रिया. एरवीं टेबलावर जेवणाऱ्या कुटुंबांतहि पूजेच्या किंवा श्राद्धपक्षाच्या निमित्तानें पाटावर बसण्याचा प्रसंग येतो. जेवण आटोपतें, तरुण मंडळी हात धुवावयास निघून जाते, आणि वडीलधारे गृहस्थ एक हात जमिनीवर व दुसरा भिंतीवर टेकून कसेबसे उभे राहतात. कांहीं वर्षांनीं भिंतीच्या जागीं मुलाचा खांदा येतो. आणखी कांहीं वर्षांनीं पाटच नाहींसा होतो. ‘वय झालें’ एवढें म्हटलें कीं सर्वांचें समाधान होतें.

या दोन शब्दांत एक सत्य आहे व एक असत्य आहे. वयाबरोबर बळ घटतें हें सत्य. घटलेलें बळ कायमचें गेलें, आतां जपून राहण्यावांचून गत्यंतर नाहीं, हें असत्य. गेल्या चाळीस वर्षांतील वैद्यकीय संशोधनानें हें असत्य इतक्या स्पष्टपणें उघडें पाडलें आहे कीं, साठी-सत्तरीच्याच नव्हे, तर नव्वदी गांठलेल्या माणसानेंहि वजन उचलण्याचा बेताचा व्यायाम सुरू करावा, असें आतां डॉक्टर मंडळीच सांगूं लागली आहे. २०२० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत प्रौढांनीं आठवड्यांतून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा असें म्हटलें आहे. आणि पासष्टीपुढील माणसांनीं तोल सांभाळण्याचा व बळाचा मिळून व्यायाम तीन किंवा अधिक दिवस करावा, अशी पुस्तीहि त्यास जोडली आहे. म्हातारपणीं व्यायाम कमी करावा या रूढ समजुतीच्या हें अगदीं उलट आहे. म्हणून त्यामागील कारणें समजून घेणें इष्ट होय.

प्रथम शरीरांत काय घडतें तें पाहूं. तरुण पुरुषाच्या वजनांत सुमारें चाळीस टक्के भाग केवळ स्नायूंचा असतो. तिशीनंतर हा सांठा हळूहळू उतरूं लागतो. दर दहा वर्षांस शेंकडा ३ ते ८ इतका स्नायु कमी होतो असा अंदाज आहे, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. विशेष लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, स्नायूंचें वजन ज्या वेगानें घटतें त्याहून त्यांची शक्ति अधिक वेगानें घटते. वजनकांट्यावर मात्र यांतील कांहींच दिसत नाहीं. स्नायूची जागा चरबी घेते, आंकडा तोच राहतो, आणि ‘वीस वर्षांत वजन किलोनेंहि वाढलें नाहीं’ असें अभिमानानें सांगणारा गृहस्थ आंतून मात्र पुष्कळच पोकळ झालेला असतो. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनीं १९८९ सालीं या स्थितीस ‘सार्कोपेनिया’ असें नांव दिलें. मांस आणि दारिद्र्य या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा हा समास आहे. मराठींत त्यास मांसदारिद्र्य म्हटलें तर चालेल. २०१६ सालीं अमेरिकेंतील रोगांच्या सूचींत त्यास स्वतंत्र स्थान मिळालें. म्हणजे जी गोष्ट आजवर केवळ ‘वय’ समजली जात होती, तिची गणना व्याधींत झाली.

स्नायूंचे तंतु स्थूलमानानें दोन प्रकारचे असतात. एक संथ पण चिवट. उभें राहणें, चालणें यांस ते उपयोगी पडतात. दुसरे जलद व जोरकस. धांवणें, उडी मारणें, ओझें एकदम उचलणें, किंवा ठेंच लागली असतां क्षणार्धांत पाय पुढें टाकून शरीर सांवरणें, हीं कामें त्यांचीं. वार्धक्यांत प्रथम झिजतात ते हे दुसरे तंतु. शिवाय प्रत्येक तंतु हा पाठीच्या कण्यांतून येणाऱ्या एखाद्या मज्जातंतूच्या हुकुमाखालीं असतो. वयाबरोबर यांतील कांहीं मज्जातंतु नष्ट होतात व त्यांच्या हाताखालचे स्नायुतंतु पोरके होतात. त्यांतील कांहींना शेजारचा मज्जातंतु जणूं दत्तक घेतो. ज्यांना कोणी घेत नाहीं ते वाळून जातात. म्हाताऱ्या माणसास ठेंच लागली म्हणजे तो पडतो, आणि तरुणास लागली म्हणजे तो अडखळून पुन्हां चालूं लागतो, यांतील पुष्कळसें रहस्य येथें आहे.

आणि पडणें ही म्हातारपणीं क्षुल्लक गोष्ट नव्हे. न्हाणीघरांत पाय घसरतो, खुब्याचें हाड मोडतें, शस्त्रक्रिया होते, हाड सांधतेंहि. परंतु त्या निमित्तानें जी शय्या लाभते तिच्यांतून पूर्वीच्या बळानें उठणारे थोडे. शय्येनें स्नायूंची किती हानि होते याचें एक माप उपलब्ध आहे. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत सरासरी ६७ वर्षांच्या बारा निरोगी स्त्रीपुरुषांस दहा दिवस अंथरुणावर पडून राहावयास सांगितलें. त्यांस कोणताहि रोग नव्हता. जेवण व्यवस्थित होतें. तरीहि दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारें एक किलो मांस नाहींसें झालें. दुखण्यांतून उठलेल्या आजोबांस काळजीपोटीं महिनाभर पलंगावरून उतरूं न देणाऱ्या घरांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा.

स्नायूंचें दुसरेंहि एक काम आहे, तें डोळ्यांस दिसत नाहीं. जेवणानंतर रक्तांत जी साखर उतरते तिचा मोठा भाग स्नायु शोषून घेतात. सांठवणीची ही कोठारें आकुंचित झालीं म्हणजे साखर रक्तांतच तुंबते. आपल्या लोकांना याचा धोका विशेष आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं भारतीय शरीरयष्टीचा दीर्घकाल अभ्यास केला. २००४ सालीं त्यांनीं व जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांनीं दोघांचें एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत छापलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु इंग्रज डॉक्टरांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२ निघाली. दिसण्यांत सडपातळ पण आंतून चरबीयुक्त व स्नायूंनीं उणें असें शरीर अनेक भारतीयांना जन्मतःच लाभतें, असें त्यांच्या संशोधनाचें सार आहे. ज्याची ठेव मुळांतच लहान, त्यानें ती अधिक जपावयास नको काय?

आतां मुख्य प्रश्न असा कीं, गेलेलें परत मिळतें काय? या प्रश्नाचें सर्वांत निर्णायक उत्तर बोस्टन शहरांतील एका वृद्धनिवासांत मिळालें. डॉ. मारिया फियाटारोन व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांनीं निवडलेलीं दहा माणसें ८६ ते ९६ वर्षें वयाचीं, अशक्त व अनेक व्याधींनीं ग्रासलेलीं होतीं. कांहीं काठीवांचून चालूं शकत नव्हतीं. तिघांना तर हातांचा आधार घेतल्यावांचून खुर्चींतून उठतां येत नव्हतें. अशा माणसांस आठवड्यांतून तीन वेळां, आठ आठवडे, मांड्यांच्या स्नायूंचा व्यायाम दिला. आणि तो हलका नव्हता. जास्तींत जास्त जेवढें वजन त्यांना एकदां उचलतां येई, त्याच्या निम्म्यापासून आरंभ करून लवकरच शेंकडा ८० पर्यंत वजन नेलें गेलें. एकानें मध्येंच व्यायाम सोडला. नऊ जणांनीं तो पुरा केला. दोन महिन्यांच्या अखेरीस त्यांच्या पायांची शक्ति सरासरीनें शेंकडा १७४ इतकी वाढली, म्हणजे मूळच्या पावणेतीनपट झाली. मांडीच्या स्नायूंचें छेदक्षेत्र शेंकडा ९ नीं वाढलें. दोघांनीं काठी टाकली, आणि खुर्चींतून उठूं न शकणाऱ्या तिघांपैकीं एकास हातांच्या आधारावांचून उठतां येऊं लागलें.

या यशाची दुसरी बाजूहि त्याच वृत्तान्तांत प्रामाणिकपणें नोंदलेली आहे. व्यायाम थांबविल्यावर अवघ्या चार आठवड्यांत कमावलेल्या शक्तींतील शेंकडा ३२ शक्ति पुन्हां उतरली. बळ ही एकदां विकत घेऊन कपाटांत ठेवण्याची वस्तु नाहीं, हा त्यांतील बोध.

दहा माणसांवरून जगाचा निष्कर्ष काढूं नये, अशी शंका कोणी घेईल. ती योग्यच आहे, आणि संशोधकांनाहि ती सुचली होती. म्हणून १९९४ सालीं त्यांनीं सरासरी ८७ वर्षांच्या शंभर वृद्धांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. कांहींना व्यायाम दिला, कांहींना केवळ पौष्टिक पेय दिलें, कांहींना दोन्ही, व कांहींना दोन्ही नाहीं. व्यायाम करणाऱ्यांची शक्ति शेंकडा ११३ नीं वाढली, त्यांचें चालणें जलद झालें, व जिना चढण्याचा जोर वाढला. व्यायामावांचून नुसतें पौष्टिक पेय घेणाऱ्यांस मात्र कांहीं लाभ झाला नाहीं. म्हाताऱ्या आईबापांकरितां महागडे डबे आणणाऱ्या मुलांनीं याचा विचार करावा. डब्यांतील भुकटी कामाला लागावयाची तर स्नायूंना आधीं काम दिलें पाहिजे.

बळ वाढतें तें कसें? पहिल्या कांहीं आठवड्यांत स्नायु फारसा जाड होत नाहीं. सुधारतें तें मज्जासंस्थेचें नियंत्रण. बऱ्याच दिवसांत हांक न मारलेले तंतु पुन्हां कामावर बोलावले जातात व ते एकजुटीनें जोर लावूं लागतात. नवशिक्यास दोन-तीन आठवड्यांतच फरक जाणवतो तो यामुळें. त्यानंतर तंतूंची खरी भरती सुरू होते. नेहमींपेक्षां अधिक ताण पडला कीं स्नायु तो ताण पुढील खेपेस पेलतां यावा म्हणून विश्रांतीच्या काळांत नवें प्रथिन बांधतो. ताण तोच राहिला तर वाढहि थांबते. म्हणून वजन क्रमाक्रमानें वाढविलें पाहिजे. थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरानें दुसऱ्या महायुद्धांत जखमी झालेल्या सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांवर हें तत्त्व पद्धतशीर वापरलें व १९४५ सालीं प्रसिद्ध केलें. त्यापूर्वी अशा रोग्यांस हलके व्यायाम पुष्कळ वेळां करावयास लावीत. डीलॉर्मनें जड वजनें थोड्या वेळां उचलावयास लाविलीं, आणि रोगी लवकर बरे होऊं लागले. बोस्टनचे आजोबा-आजी वस्तुतः या सैनिकांचेच शिष्य होत.

हाडांनाहि हाच न्याय लागू आहे. ऑस्ट्रेलियांत हाडें विरळ झालेल्या, ऋतुनिवृत्त झालेल्या शंभर स्त्रियांवर एक प्रयोग झाला. त्यांचें सरासरी वय ६५ होतें. आठवड्यांतून दोनदां, प्रत्येक वेळीं अर्धा तास, शिक्षकाच्या देखरेखीखालीं त्यांतील निम्म्या स्त्रियांनीं जड वजनें उचललीं. आठ महिन्यांनीं त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता शेंकडा २.९ नीं वाढली. घरीं हलका व्यायाम करणाऱ्यांची ती शेंकडा १.२ नीं घटली. डेन्मार्कमध्यें निवृत्तीच्या वयाच्या साडेचारशें लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांनीं एक वर्ष, आठवड्यांतून तीन वेळां, जड वजनांचा व्यायाम केला होता, त्यांच्या पायांचें बळ तो संपल्यावर तीन वर्षांनींहि मूळच्या पातळीवर टिकून होतें; न करणाऱ्यांचें उतरलें होतें. निवृत्तीच्या पहिल्या वर्षाचा याहून चांगला विनियोग सांपडणें कठीण.

महाराष्ट्रास बलोपासना नवी नाहीं. गांवोगांवच्या तालमी, जोर-बैठका, मुद्गल, मल्लखांब यांची परंपरा येथें जुनी आहे. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चाललें आहे. परंतु या परंपरेनें तालमीचें दार बहुधा तरुणांसाठींच उघडें ठेवलें. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतहि, ज्यांनीं व्यायाम वर्ज्य करावा अशांच्या यादींत बालकाबरोबर वृद्धाचें नांव आलें आहे. तेथेंच बलवान् माणसानेंहि अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावा, अशी मर्यादा घातली आहे. यांतील पहिली गोष्ट आजच्या संशोधनापुढें टिकत नाहीं. दुसरींतील संयम मात्र वृद्धांस आजहि उपयोगी आहे. आणि परंपरेलाहि अपवाद होतेच. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचा जन्म १८६८ चा. सूर्यनमस्कारांचा त्यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत प्रसार केला, आणि साठी उलटल्यावरहि स्वतः नमस्कार घालण्याचें व्रत सोडलें नाहीं. १९३६ सालीं ते इंग्लंडांत गेले तेव्हां त्यांचें वय व त्यांची तब्येत यांतील अंतर पाहून तेथील वृत्तपत्रांस कुतूहल वाटलें. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या या राजानें केवळ जमीन व स्वतःचें शरीर एवढ्याच साधनांवर भागविलें होतें.

अलीकडचें उदाहरण चार्ल्स यूस्टर या दंतवैद्याचें. १९१९ सालीं लंडनमध्यें जन्मलेल्या या गृहस्थानें ऐंशी ओलांडल्यावर आरशांत आपले लोंबणारे दंड पाहिले आणि वजनें उचलावयास आरंभ केला. २०१५ सालीं, वयाच्या ९५ व्या वर्षीं, त्यानें दोनशें मीटर धांवण्यांत आपल्या वयोगटाचा विक्रम केला. २०१७ सालीं तो वारला. अशीं माणसें विरळा, आणि त्यांची बरोबरी करणें हें कोणाचें ध्येय असण्याचें कारण नाहीं. सामान्य गृहस्थाचें ध्येय याहून लहान व याहून महत्त्वाचें आहे. स्वतःची पाण्याची बादली स्वतः उचलतां यावी, बसमध्यें चढतांना मागच्या माणसास खोळंबावें लागूं नये, रात्रीं उठून न्हाणीघरापर्यंत जातांना कोणास जागें करावें लागूं नये.

‘रोज तासभर फिरावयास जातों, तेवढें पुरे नाहीं काय?’ असा प्रश्न हमखास येतो. फिरणें उत्तम आहे. हृदय, फुप्फुसें व मन यांस तें हितकारक आहे, आणि तें सोडूं नये. परंतु सपाट रस्त्यावर चालण्यांत संथ तंतूंनाच काम मिळतें. जलद व जोरकस तंतु, जे प्रथम झिजतात, ते या सहलींत जवळजवळ झोंपलेलेच राहतात. हात, खांदे व पाठ यांना तर कांहींच करावें लागत नाहीं. म्हणून फिरणें व बळाचा व्यायाम यांस एकमेकांचे पर्याय न समजतां जोडीदार समजावें.

आरंभापूर्वी स्वतःची परीक्षा घ्यावी. साधी, न हलणारी खुर्ची भिंतीस टेकवून ठेवावी, हात छातीशीं बांधावे, आणि पांच वेळां पूर्ण उभें राहून पूर्ण बसावें. आशियाई तज्ज्ञांच्या मंडळानें २०१९ सालीं ठरविलेल्या प्रमाणानुसार यास बारा सेकंद किंवा अधिक लागले तर बळ उणें झालें असें समजावें. मुठीची पकड मोजण्याचें यंत्र कांहीं दवाखान्यांत असतें. त्याच मंडळाच्या मतें पुरुषाची पकड २८ किलोपेक्षां व स्त्रीची १८ किलोपेक्षां कमी भरणें हेंहि तेंच लक्षण होय. परीक्षेंत नापास झाल्यास खचून जाण्याचें कारण नाहीं. नापास विद्यार्थ्यासच शिकवणीचा लाभ अधिक होतो.

पहिले दोन महिने घरच्या घरीं भागतें. खुर्चींतून उठबस हा पहिला व्यायाम; प्रारंभीं हातांचा आधार घ्यावा, मग सोडावा, आणि पुढें छातीशीं वजन धरावें. भिंतीपासून हातभर अंतरावर उभें राहून घातलेले भिंतीचे जोर हा दुसरा. ते सोपे झाले म्हणजे ओट्याच्या कडेवर हात ठेवून घालावे. ओट्यास धरून टांचा उचलणें हा तिसरा. उताणें निजून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलणें हा चौथा. एक हात टेबलावर टेकून दुसऱ्या हातानें पिशवी कमरेपर्यंत ओढून घेणें हा पांचवा; विहिरीचा रहाट गेल्यापासून शहरांतील पाठींना हें ओढण्याचें काम उरलेलेंच नाहीं. आणि दोन हातांत दोन सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन खोलींत येरझारा घालणें हा सहावा. डंबेल नसल्यास अडत नाहीं. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे जवळजवळ एक किलो, आणि तांदळाची पांच किलोंची पिशवी वाण्याकडे तयारच मिळते. याबरोबर ओट्याजवळ एका पायावर उभें राहण्याचा सराव ठेवावा, म्हणजे तोलहि सुधारेल.

प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळां करावा, दोन मिनिटें थांबावें, आणि पुन्हां एकदां तितकाच करावा. वजन नेमकें किती, याची कसोटी अशी कीं, शेवटच्या खेपेस ‘आणखी दोन-तीन वेळां जमलें असतें, अधिक नाहीं’ असें वाटलें पाहिजे. वीस वेळां गप्पा मारीत उचलतां येतें तें वजन फार हलकें. चौथ्या खेपेसच हात थरथरूं लागले तर तें फार जड. बारा वेळां सहज होऊं लागलें कीं थोडें वजन वाढवावें. दोन व्यायामांच्या मध्यें निदान एक दिवस सुट्टी असावी, कारण वाढ होते ती सुट्टींत. सोमवार व गुरुवार असे दोन वार ठरविले तरी आरंभास पुरतात. यापुढें व्यायामशाळेंत जावयाचें असेल तर वृद्धांस शिकविण्याचा अनुभव असलेला शिक्षक पाहावा, आणि यंत्रांची भीति वाटूं देऊं नये. बसून वापरण्याच्या यंत्रांत तोल जाण्याचा धोका उलट कमी असतो.

श्वासाचा नियम सर्वांत महत्त्वाचा. जोर लावतांना श्वास सोडावा, परत येतांना घ्यावा. दम कोंडून वजन उचलल्यास रक्तदाब क्षणभर फार वर चढतो, आणि तें वृद्धांस अपायकारक होऊं शकतें. जोर लावतांना मोठ्यानें आंकडे मोजले तर श्वास आपोआप मोकळा राहतो.

कोणी थांबावें, हेंहि सांगितलें पाहिजे. छातींत दुखणें, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका किंवा झालेली शस्त्रक्रिया, आटोक्यांत नसलेला रक्तदाब, अंतर्गळ, डोळ्यांच्या पडद्याचा विकार, यांपैकीं कांहीं असल्यास डॉक्टरांची संमति मिळाल्यावांचून वजनास हात लावूं नये. हाडें फार विरळ झालेल्यांनीं पाठ वांकवून किंवा कंबर पिळून वजन उचलूं नये. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशीं स्नायु ठणकणें स्वाभाविक आहे; तें दोन-तीन दिवसांत निवतें. परंतु सांध्यांत तीव्र कळ येणें, चक्कर, छातीवर दडपण, हीं थांबण्याचीं चिन्हें होत. गुडघेदुखी असलेल्यांनीं मात्र व्यायाम टाळूं नये. मांडीचा स्नायु सशक्त झाला कीं गुडघ्यावरील भार हलका होतो व वेदना कमी होतात, असा अनेक प्रयोगांचा निर्वाळा आहे.

बांधकामास विटा लागतात, तशीं स्नायूंना प्रथिनें लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या प्रमाणानुसार दर किलो वजनास दिवसाकाठीं ०.८३ ग्रॅम प्रथिन घ्यावें. वृद्धांनीं तें १ ते १.२ ग्रॅम घ्यावें असें तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानें २०१३ सालीं सुचविलें. साठ किलोंच्या माणसास हे साठ ते बहात्तर ग्रॅम होतात. चहा-पोहे, दुपारीं आमटी-भात, रात्रीं दूध-भात असें जेवण घेणाऱ्या वृद्धास त्याच्या निम्म्यापर्यंत पोंचणेंहि जड जातें. एका अंड्यांत सुमारें सहा ग्रॅम, पेलाभर दुधांत जवळजवळ तितकेंच, आणि तीस ग्रॅम कोरड्या डाळींत सुमारें सात ग्रॅम प्रथिन असतें. म्हणून वरण दाट असावें, उसळीस रोजच्या जेवणांत स्थान द्यावें, दही-ताक वाढवावें, आणि जे मासे-अंडीं खातात त्यांनीं तीं वयाच्या नांवाखालीं सोडूं नयेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं मात्र हें प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावें.

स्त्रियांविषयीं दोन शब्द अधिक. जातें, उखळ, रहाट व पाण्याच्या घागरी यांतून त्यांची सुटका झाली ही आनंदाची गोष्ट आहे. त्या कष्टांत हौस थोडी व सक्ति फार होती. परंतु त्या कष्टांबरोबर खांद्या-मनगटांचा व्यायामहि गेला, आणि त्याची जागा कशानेंच भरली नाहीं. ऋतुनिवृत्तीनंतर हाडें झपाट्यानें विरळ होतात, आयुर्मान पुरुषांहून अधिक, म्हणजे परावलंबनाची शक्यताहि अधिक. वजनें उचलल्यानें शरीर पुरुषी दिसूं लागेल ही भीति साठीच्या स्त्रीनें बाळगण्याचें कांहींच कारण नाहीं. तेवढा स्नायु वाढविणें या वयांत कोणासहि साधत नाहीं.

शेवटीं घरच्या मंडळींचें कर्तव्य. आपल्याकडे वडिलांच्या हातांतील पिशवी काढून घेणें हा सुपुत्राचा संस्कार समजला जातो, आणि सासूबाईंना खुर्चींतून उठूं न देणें हें सुनेचें भूषण. यामागील प्रेमाविषयीं शंका नाहीं. परंतु ज्या कामांतून स्नायूंस जोर लावावयास मिळतो, तेवढींच कामें हें प्रेम हिरावून घेतें, आणि दहा वर्षांनीं त्याच माणसास उचलून बसविण्याची पाळी त्याच प्रेमळ हातांवर येते. सेवेचा खरा प्रकार याहून थोडा कठोर आहे. न्हाणीघरांत पकडावयास दांडी बसवावी, फरशीवर पाणी राहूं देऊं नये, चांगल्या तळव्याच्या चपला आणून द्याव्या, आणि मग भाजीची पिशवी त्यांच्याच हातीं राहूं द्यावी. सोमवारीं व गुरुवारीं शेजारीं उभें राहून आंकडे मोजावे. आठवड्याच्या १६८ तासांपैकीं एक तास यास लागतो. त्या एका तासाच्या बदल्यांत उरलेल्या तासांत कोणाचा हात न धरतां उठतां-बसतां येणार असेल, तर निवृत्तिवेतनाच्या हिशेबांतहि याहून लाभाचा व्यवहार सांपडणार नाहीं.